खारे पाण्याकडे निघाले

“आई, त्यांना पाण्यापर्यंत ने. मधेच कुठं सोडू नकोस.”

प्राचीनं हे सांगितलं तेव्हा तिच्या तोंडावर मास्क होता, त्यामुळे आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला. खारघरच्या इस्पितळात तिला काचेच्या दारामागच्या खोलीत हलवत होते. रक्तातल्या पेशी फार खाली गेल्या होत्या. आत एकालाच राहता येणार होतं. उचलून बसवावं लागेल म्हणून तिचे बाबा राहणार, असं ठरलं. मी दाराशी उभी होते.

“नेईन,” मी म्हटलं.

“शब्द?”

“शब्द.”

मी सहसा शब्द देत नाही. दिला की त्याचा नेम होतो, आणि नेम मोडायची मला लहानपणापासून भीती आहे. सोमवारचं एकभुक्त, गुरुवारचं मौन, सकाळी तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा नाही. घरातली माणसं हसायची. प्राचीचे बाबा म्हणायचे, “हिच्याकडून देवालाच सुट्टी मिळत नाय.” मी हसण्यावारी न्यायचे. मनातून मला बरं वाटायचं, हे आता कबूल करते.

पाण्यापर्यंत न्यायचं होतं ते खाऱ्यांना. खारे म्हणजे मिठाची माणसं. हे नीट सांगायचं तर चौदा वर्षं मागं जावं लागेल.

आम्ही तेव्हा डोणखारला राहायचो, पनवेलच्या खाडीकाठी. थोडी भातखाचरं होती आणि दोन मिठागरं. प्राची सहा वर्षांची होती. मी गोपद्माचं व्रत घेतलं होतं. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत रोज सकाळी गाईच्या खुरांची तेहतीस पावलं रांगोळीनं काढायची, त्यांना हळदकुंकू वाहायचं, मगच तोंडात पाणी घालायचं. असं पाच वर्षं, आणि पाचव्या वर्षी उद्यापन. पावसाचे दिवस, म्हणून मी पडवीत काढायचे, तुळशीची कुंडी आत घेऊन.

एका सकाळी प्राची दात घासत शेजारी येऊन बसली.

“ही कोणाची पावलं?”

“गाईची.”

“एवढीशी गाय?”

मी काही बोलले नाही, कारण मी आकडा मनात धरला होता. मी बोलत नाही हे पाहून तिनंच तिचं उत्तर काढलं. “गाईची नाहीत. माणसांची आहेत. बारीक माणसं आहेत. ती रोज सकाळी इथून जातात आणि तू त्यांच्या मागं रंगवतेस.”

तिथून ते सुरू झालं. पाऊल आणि ठाण मिळून तिनं त्या मुलखाचं नाव ठेवलं पावठण. तिथली माणसं आली कुठून, तर ती तिच्या बाबांकडून आली. बाबा फावडं घेऊन मिठागरावर जायचे तेव्हा ती बांधावर बसायची. भरतीचं पाणी आत घ्यायचं, कोंडायचं, उन्हात ठेवायचं, हे तिनं पाहिलेलं होतं. म्हणून तिची उत्पत्ती अशी होती:

आधी नुसतं पाणी होतं. मग ऊन पडलं. पाणी वर गेलं, आणि जे वर जाऊ शकलं नाही ते खाली राहिलं. ते खारे. मिठाखाली काळी माती होती, तिला वाटलं हे उठले तर आपण का झोपायचं. ती उठली. ते चिखले. आणि कडेला वाऱ्यानं जमवलेला फेस होता, तो न विचारताच उठला. ते फेसे. तीन कुळं. तिघांची भाषा एकच होती, पण चिखले सावकाश बोलत आणि फेसे पुरं ऐकून घेत नसत, म्हणून भांडणं होत.

सगळे पहिल्या दिवशी एकत्र निघाले. निघायचं कारण एकच, पाणी कुठं गेलं ते बघायचं.

प्राचीचा एक नियम होता आणि तो तिनं कधी मोडला नाही. पावठणात मनानं काही घडवायचं नाही. रांगोळीचं जे होईल तेच त्यांचं होणार. एकदा कोंबडीनं पडवीत शिरून अकरा पावलं उकरली. त्या दिवशी फेसे डोंगराकडे पळाले आणि परत आलेच नाहीत. त्या सालाला तिनं कोंबडीचं साल नाव दिलं. पुढच्या श्रावणात कौल गळलं, कोपऱ्यातली सात पावलं विरघळली आणि खाली ओला काळा डाग राहिला. चिखले म्हणाले, आमाला हितंच बरं वाटतं. त्यांनी तिथं सात गावं वसवली. चालत राहिले ते फक्त खारे. संध्याकाळी मी केरसुणीनं पावलं लोटायचे, म्हणजे त्यांची मागची वाट बंद. म्हणून खाऱ्यांना परत फिरता येत नसे. त्यांच्यात परत या अर्थाचा शब्दच नव्हता.

खाऱ्यांची म्होरकी होती भीमाबाई. हे माझ्या सासूबाईंचं नाव. त्या प्राची चार वर्षांची असताना गेल्या, पण त्यांच्या जिभेची धार तिच्या कानात राहिली होती. खारे कुठं दमून बसले की भीमाबाई ओरडायची, “बसलात का रं मुरत? लोणची हाव का तुमी?” प्राची हे अगदी सासूबाईंच्या सुरात म्हणायची. मी पदर तोंडाला लावायचे. व्रताच्या वेळी हसू नये.

एकदा मी तिला विचारलं होतं. तेव्हा ती नववीत होती. “अगं, मिठाची माणसं पाण्यात गेली की विरघळणार ना?”

“मग?”

“मग एवढं चालायचं कशाला?”

“तू मामाकडं गेलीस की दोन दिवस आम्हाला ओळखतेस का?” ती म्हणाली. “घरी गेल्यावर कोण वेगळं राहतं, आई?”

पहिलं व्रत पाच वर्षांनी पुरं झालं. उद्यापन झालं, पावलं थांबली. उरलेली रांगोळी मी पडवीच्या कोपऱ्यात ओतली त्याचं टेकाड झालं, आणि खाऱ्यांनी त्यावर वस्ती केली. ती सहा वर्षं टिकली. मग मी पुन्हा व्रत धरलं आणि ते पुन्हा निघाले. या दुसऱ्या व्रताच्या चौथ्या वर्षी दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. विमानतळासाठी गाव उठलं, आणि प्राचीला ताप येऊ लागला, जो जाईना.

करंजाड्याला तिसऱ्या मजल्यावर आम्हाला जागा मिळाली. तुळस प्लास्टिकच्या कुंडीत दाराबाहेर, समोरच्या दारात कुमुदवहिनी. त्या उरणकडच्या कोळी. नवरा गेल्यापासून पनवेलच्या बाजारात मासळी विकतात. मी रांगोळी काढायचे ती दोन दारांमधल्या फरशीवर, आणि सकाळी त्या फरशी पुसायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या फडक्याचं पाणी माझ्या पावलांवर आलं. त्या ओशाळल्या. पण इस्पितळात प्राचीनं ऐकलं आणि ती उठून बसली.

“पूर? किती वाहून गेले?”

“चार पावलं पुसली.”

“म्हणजे चार जण. नावं मी ठेवते. मावशीला सांग, नदीला तिचं नाव दिलं.”

कुमुदवहिनींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “माझ्या नावाची नदी? तिला सांग, मासे सोड म्हणावं त्यात.”

मला जे झालं तेच सांगता येतं. बनवून सांगायला माझी जीभ वळत नाही. प्राचीला ते ठाऊक होतं, म्हणून तिचा भरवसा होता. रोज सकाळी सातला तिचा फोन यायचा. “आज काय?” मी सांगायचे. दुसऱ्या ओळीतलं पहिलं पाऊल जाड आलं. मांजर मधून चालत गेलं, पण एकही मोडलं नाही. पेपरवाल्यानं पेपर टाकला तो नेमका शेवटच्या तिघांवर. ती लिहून घ्यायची. पेनाचा आवाज मला फोनमध्ये ऐकू यायचा.

तिनं भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला नकाशा काढला होता. हे पाचवं वर्ष, शेवटचं. एका दिवसाची तेहतीस पावलं म्हणजे एक मुक्काम. एकशेवीस मुक्काम, आणि कार्तिकी एकादशीला पाणी. वाट आमच्या दारापासून निघत होती. मधे लोखंडी नदी, म्हणजे रेल्वेचे रूळ. मग बोडका डोंगर, ज्याचं डोकं मशिनांनी कापलं. मग डोणखारचा मोठा बांध, आमच्या मिठागराचा. बांधापासून खाडीपर्यंतचा भाग तिनं मोठा करून काढला होता, कारण तिथं मुक्काम जवळजवळ होते. ते थकलेले असणार, ती म्हणाली होती. तोवर खारे एकवीसच उरले होते.

घटस्थापनेच्या दिवशी सकाळी सहाला रोडपालीहून फोन आला. बुधाजीकाका गेले. माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ. नव्वदीला आलेले, अंथरुणाला खिळलेले, सुटले बिचारे. पण भावकी ती भावकी. दहा दिवसांचं सुतक.

मी रांगोळीचा डबा उचलला होता. तो परत ठेवला. देव्हाऱ्याला पडदा ओढला.

कुमुदवहिनी फडकं पिळत होत्या. फरशी कोरडी पाहून त्यांनी विचारलं, “आज पावलं नाय?”

“सुतक आलं.”

“मग मी काढते. मला कुठं सुतक? मी तुमच्या भावकीतली नाय. पोर वाट बघत असंल तिकडं.”

आता हे लिहून ठेवते. पोथीत स्पष्ट आहे की स्वतःला अडचण असेल तर दुसऱ्याच्या हातून करवून घ्यावं. मला ते पाठ होतं. मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडेला खवला चिकटला होता.

“नको, वहिनी,” मी म्हटलं. “तुमचे हात दिवसभर मासळीत. हे व्रताचं आहे.”

मी आवाज चढवला नाही. मी कधीच चढवत नाही. त्यांनी फडकं बादलीत टाकलं, म्हणाल्या, “बरं बाय,” आणि दार लावून घेतलं.

सातला फोन आला.

“आज काय झालं?”

“काही नाही, बाय. बुधाजीआजोबा गेले. दहा दिवस काढायचं नाही.”

“मग ते?”

“थांबलेत.”

“आई, ते बांधावर आहेत. उघड्यावर. वर काहीच नाही.”

“एखादी झोपडी दे की काढून.”

“मी कशी देणार? नियम आहे.”

“नियम तूच केलास, राणी.”

“हो. पण नियम पाळायचा ते तुझ्याकडून शिकले,” ती म्हणाली. रागानं नाही. धाप लागत होती म्हणून थांबून थांबून.

दुसऱ्या दिवशी तिनं एवढंच विचारलं, “थांबलेत?” मी म्हटलं, “थांबलेत.” तिसऱ्या दिवशीही तेच. मी मनाशी म्हणत होते, दहा दिवस कसेही जातील, अकराव्या दिवशी दुप्पट काढीन, तिप्पट काढीन. चौथ्या दिवशी दुपारी ढग गडगडले आणि परतीचा पाऊस आला. पाच मिनिटांत फोन वाजला. अवेळी वाजला म्हणून मी धावत जाऊन उचलला.

“आई, तिकडं पाऊस आहे?”

दाराबाहेरचा पॅसेज खिडकीतून आलेल्या सरीनं ओला झाला होता. तुळशीपुढची रिकामी फरशी चमकत होती. नाही म्हणायला काय लागत होतं. एक शब्द. जगातल्या कुठल्याही आईनं म्हटलं असतं.

“आहे,” मी म्हटलं. “फार नाही.”

“बरं,” ती म्हणाली.

पुढचे दिवस तिनं विचारलं नाही. मीच सांगायचे, थांबलेत. ती हं म्हणायची. आठव्या सकाळी सातला फोन आला तो तिच्याच नंबरवरून, पण आवाज तिच्या बाबांचा होता. ते म्हणाले, “भामा, ये.” मला फक्त घरातले वडीलधारे भामा म्हणायचे. त्यांनी त्याआधी कधी म्हटलं नव्हतं.

त्यानंतर सुतकावर सुतक. बुधाजीकाकांचं संपायच्या आत तिचं लागलं. तेरावं झालं. दिवाळी आली तेव्हा आमच्या मजल्यावर एकाच दारात पणती होती, कुमुदवहिनींच्या, तीही त्यांनी आतल्या बाजूला ठेवली होती. मी दिवस मोजत नव्हते. सकाळी उठायचे, तुळशीला पाणी घालायचे, आणि रिकाम्या फरशीकडे बघत बसायचे. चहा प्यायचा राहून जायचा. पूर्वी नेमानं राहायचा, आता विसरून.

देवळातल्या गुरुजींना विचारलं. भला माणूस. म्हणाले, “ताई, तुमचा दोष नाही. पण आता एवढे दिवस गेले, व्रत खंडित झालं. पुढच्या आषाढीला पहिल्यापासून धरा. पाच वर्षं.”

“कशासाठी धरू?” मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग समईची वात सारखी करत बसले.

रात्रंदिवस माझ्या मनात एकच. तिनं एकच गोष्ट मागितली होती. बरं कर म्हणाली नव्हती, वाचव म्हणाली नव्हती. ते माझ्या हातात नव्हतं, आणि तिला ते समजत होतं. जे माझ्या हातात होतं तेवढंच तिनं मागितलं. आणि मी हात स्वच्छ ठेवले.

कार्तिकी एकादशीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी इस्पितळातून आणलेली पिशवी मी उघडली. महिनाभर ती कपाटावर होती. तिच्यात टॉवेल होता, कंगवा, मोबाइलचा चार्जर, आणि घडी घातलेलं कॅलेंडर. मी ते जमिनीवर पसरलं.

करंजाड्यापासून बांधापर्यंत सगळे मुक्काम भरलेले होते. एकोणऐंशी. प्रत्येकापाशी बारीक अक्षरात नोंद. मांजर. पेपर. कुमुदमावशी, सहाव्यांदा, या नदीला कंटाळा कसा येत नाही. बांधावर तिनं एकवीस उभ्या रेघा काढल्या होत्या, चिकटून चिकटून, गुरं पावसात उभी राहतात तशा. चौदा रेघांवर आडवी काट मारली होती. काट मारताना हात हलला होता, काही रेघा नीट कापल्या गेल्या नव्हत्या, त्यांच्यावर परत मारली होती. सात उरल्या होत्या. सातव्या रेघेच्या डोक्यावरून पदर काढला होता. भीमाबाई. त्यापुढचे एकेचाळीस मुक्काम रिकामी वर्तुळं, आणि शेवटी निळ्या पेनानं गिरवलेली खाडी.

म्हणजे सात जण अजून तिथं उभे होते. ती गेली तरी ते उभे होते, कारण मी सांगितलं होतं, थांबलेत.

प्राचीचे बाबा दारात होते. ते इमारतीच्या रखवालीवरून आले होते, गणवेश अंगावरच. नकाशाकडे त्यांनी पाहिलं आणि नजर काढून घेतली.

“मी उद्या डोणखारला जाते,” मी म्हटलं. “बांधावर.”

“बांध कुठं हाय आता?” ते खाली बसले. “मुरूम टाकलाय दोन पुरुष उंच. मी मागल्या महिन्यात जाऊन आलो. आपली मिठागरं कंची आन् दुसऱ्याची कंची, मलाच ओळखू येईना. नि खाडीची पण वाट फिरवलीय. पहिली होती तिथं नाय ती.”

“मग कुठं आहे?”

“असंल पलीकडं. पाणी कुठं जाणार.” मग बूट काढता काढता, “भामा, कोणासाठी जातेस?”

मी नकाशाची घडी घातली. त्यांनी धरून ठेवलं नाही. ते आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. मी येऊ का, असं ते विचारतील असं मला एक क्षण वाटलं होतं. त्यांच्याकडून ते झालं नसतं. शेवटपर्यंत त्या काचेमागं ते होते. रेघा मारताना त्यांनी तिचा हात पाहिला असणार, आणि त्याबद्दल ते मला कधीही सांगणार नाहीत.

एकेचाळीस मुक्काम, तेहतीस पावलं. तेराशे त्रेपन्न. रांगोळीचं पाच किलोचं पुडकं घरात होतं. ते पिशवीत भरलं, वर नकाशा, पाण्याची बाटली. उपवास होताच.

सकाळी साडेसहाला दार लावून वळले तर कुमुदवहिनी टोपली घेऊन निघत होत्या. सव्वा महिना आम्ही एका फरशीवर राहून एकमेकींशी कामापुरतं बोललो होतो. तेराव्याला त्यांनी न सांगता भात करून पाठवला होता. मी तो खाल्ला होता की नाही, मला आठवत नाही.

“सकाळच्या पारी कुठं?” त्या म्हणाल्या.

“डोणखारला.”

“तिथं काय हाय आता? धूळ.”

“पाणी असेल पलीकडं.” मी पिशवी खाली ठेवली. “वहिनी, त्या दिवशी मी तुम्हाला नको म्हटलं.”

“म्हटलंस.”

“चुकलं माझं.”

त्यांनी टोपली कमरेवरून खाली घेतली. चेहऱ्यावर काही हललं नाही. “मी दार लावून घेतलं ना, मग आत जाऊन साबणानं हात धुतले. दोनदा. कशाला धुतले ते माझं मलाच कळं ना. चाळीस वर्षं मासळी विकते, बाय. कुणी असं हळू आवाजात नव्हतं सांगितलं.”

मला वर बघवेना. “तुम्ही काढाल का? आज? मी पुढं चालेन, पावलं तुमच्या हातची.”

“नाय.”

खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. त्या पुढं म्हणाल्या, “मला राग हाय अजून. रागाच्या हातानं काढलेलं तुमच्या पोथीत चालतं का?”

“ठाऊक नाही.”

“मग तू काढ. शब्द तू दिलेलास.” त्यांनी वाकून माझ्या पिशवीत पाहिलं. “ही रांगोळी नेतेस? डोणखारच्या वाऱ्यात? अगं, मिठागराची तू, तुला सांगायला लागतं? पहिलं पाऊल पुरं व्हायच्या आत उडंल.”

मला ते सुचलं नव्हतं. इतके दिवस फरशीवर काढून मी वारा विसरले होते.

त्या आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात जाड्या मिठाची पिशवी होती, अर्ध्याहून जास्त भरलेली, वरून ओलसर. तोंड बांधलेलं नव्हतं. वास आला.

“मासळीचं हाय,” त्या म्हणाल्या. “चांगलं हाय म्हणून खोटं नाय सांगणार. पाटीतलं हाय, खवलंबिवलं निघतील. पण जड हाय. बसंल जागेवर.”

मी रांगोळीचं पुडकं काढून तुळशीच्या कुंडीशी ठेवलं. मिठाची पिशवी दोन्ही हातांनी घेतली. ओल माझ्या तळहातांना लागली, मनगटावरून खाली आली. ती मी पुसली नाही.

“किती जण राहिलेत?” कुमुदवहिनींनी विचारलं.

“सात. भीमाबाई धरून.”

“ती म्हातारी राहणारच,” त्या म्हणाल्या, आणि टोपली उचलून माझ्याआधी जिना उतरून गेल्या.

मी मागून उतरले. मीठ जड होतं, प्रत्येक मजल्यावर हात बदलावा लागला. तेराशे त्रेपन्न पावलांत पाणी लागेल की त्याच्या अलीकडंच पावलं संपतील, मला ठाऊक नव्हतं. खाडी कुठं सरकवली आहे तेही ठाऊक नव्हतं. संपली तर पुढं काढत राहायचं, मीठ असेपर्यंत. त्यानंतरचं मी ठरवलेलं नव्हतं.

फाटकाशी एक रिक्षा उभी होती. रिक्षावाल्यानं नाकाला हात लावून पिशवीकडे पाहिलं.

“कुठं जायचं, ताई?”

“डोणखार,” मी म्हटलं. “जिथवर रस्ता आहे तिथवर सोडा. पुढं मी चालत जाईन.”